डिस्को लाइटच्या केबल्स स्वतः बनवायच्या, तर त्या ओढल्या जाणार हे धरून

तुझा प्रश्न वाचला. ८ एलईडी पार (एका जागी स्थिर राहणारे रंगीत दिवे), ४ बीम मूव्हिंग हेड (मान वळवणारे झोताचे दिवे) आणि एक छोटा कंट्रोलर एवढं सामान जमलंय. हळदी, वाढदिवस, सोसायटीचा गणपती अशी कामं यायला लागलीत, पण तयार केबल्सचे भाव परवडत नाहीत. तेव्हा पुण्याच्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, वायर आणि कनेक्टर आणून सगळं घरीच जोडावं का, माइकची केबल डीएमएक्सला (कंट्रोलरकडून दिव्यांना हुकूम नेणाऱ्या सिग्नलला) चालते का, आणि लाइनीतले शेवटचे दोन दिवे मधूनच आपले आपण का नाचतात, असं विचारलंयस. तू अजून इंजिनिअरिंगला आहेस असं लिहिलंयस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

जरूर जोड. पुण्यात लाइटचं काम करून मला २५ वर्षं झाली आणि आजही माझ्या गोदामातल्या निम्म्याहून जास्त केबल्स माझ्या किंवा माझ्याकडच्या मुलांच्या हातच्या आहेत. पण दोन्ही प्रकारच्या केबल्स एका मापाने मोजू नकोस. डीएमएक्सची केबल चुकली तर कार्यक्रम बिघडतो, पॉवरची चुकली तर माणूस जातो. म्हणून हात डीएमएक्सवर बसव, आणि तो बसल्यावरच २३० व्होल्टच्या कामाला लाग.

आधी ते नाचणारे दिवे. डीएमएक्स ५१२ हा अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेने १९८६ साली ठरवलेला प्रकार. एका लाइनीत ५१२ चॅनल (दिव्यांसाठीचे ५१२ आकडे) आणि सेकंदाला अडीच लाख बिट, म्हणजे एकेक बिट फक्त ४ मायक्रोसेकंदांचा. हा सिग्नल पीळ दिलेल्या दोन तारांतून एकमेकांच्या उलट जातो आणि दिवा त्या दोघींतला फरक वाचतो. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो, त्यामुळे फरक काढताना तो गळून पडतो. इथवर माइकची केबलही हेच करते. फरक पडतो तो इंपीडन्सचा, म्हणजे वेगाने बदलणाऱ्या सिग्नलला केबल जो रोध दाखवते त्याचा. डीएमएक्सला ११० ते १२० ओमची केबल लागते, माइकची बहुतेकदा त्याहून बरीच कमी भरते. अशा केबलमध्ये सिग्नल जागोजागी थोडाथोडा मागे फिरतो. लाइनीचं शेवटचं टोक मोकळं सोडलं असेल तर तिथून तो चांगलाच उसळून परत येतो आणि मागून येणाऱ्या बिटांवर आदळतो. शेवटच्या दिव्यांना मग एक आकडा दुसराच दिसतो आणि ते भलतीकडे वळतात.

घरात चार दिवे आणि पाच-पाच मीटरचे तुकडे असतील तर माइकची केबल बिनबोभाट चालते. म्हणूनच ‘मला तर कधी काही झालं नाही’ असं सांगणारे खूप भेटतात. तीच केबल सिंहगड रोडच्या एखाद्या लॉनवर ६०-७० मीटर टाक, १२ दिवे जोड, शेजारून जनरेटरची केबल जाऊ दे, मग बघ. तेव्हा विकत घेताना नुसतं ‘टू कोर शील्ड’ (दोन तारा आणि त्यांच्यावर बारीक तारांची जाळी) मागू नकोस. केबलच्या अंगावर छापलेलं वाच. ११० किंवा १२० ओम, डीएमएक्स किंवा एईएस-ईबीयू (डिजिटल आवाजाची केबल) असं काही लिहिलेलं असलं पाहिजे. पैसे अगदीच कमी असतील तर नेटवर्कची कॅट-५ई केबलसुद्धा माइकच्या केबलपेक्षा बरी, तिचा इंपीडन्स १०० ओम आहे. मात्र आतली तार एकसलग नको, बारीक तारांची हवी. एकसलग तार रोज गुंडाळून चार महिन्यांत आतल्या आत तुटते आणि बाहेरून काही कळत नाही.

तू पहिली वस्तू बनवायची ती टर्मिनेटर, म्हणजे टोकाला पोचलेला सिग्नल उसळू न देता जिरवणारा कनेक्टर. एक मेल एक्सएलआर (माइकच्या केबलला असतो तसला गोल, पिनांचा कनेक्टर), एक १२० ओमचा पाव वॅटचा रेझिस्टर, तो पिन २ आणि पिन ३ यांच्यामध्ये. बस्स. शेवटच्या दिव्याच्या ‘डीएमएक्स आउट’मध्ये तो खोचून टाक. सोल्डरिंगचा पहिला हात त्याच्यावर बसेल, बिघडला तरी दोन रुपयांचा रेझिस्टर जाईल, आणि बऱ्यापैकी शक्यता आहे की तुझे ते दोन दिवे तेवढ्यानेच शांत होतील. नाही झाले तर लाइन मधोमध कनेक्टर काढून तोड, टर्मिनेटर तिथल्या दिव्याला लाव, अर्धी लाइन तपास. मग उरलेल्या अर्ध्याची पुन्हा अर्धी. दहा मिनिटांत दोषी केबल हातात येते. हे सोडून सगळ्या केबल्स एकदम हलवत बसणारे रात्रभर हलवतच बसतात.

एका टोकातून दोन फाटे काढायचा मोह होईल, एक स्टेजच्या डावीकडे, एक उजवीकडे. केबल कापून वाय बनवू नकोस. डीएमएक्स एका दिव्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असंच जातं. फाटे हवे असतील तर स्प्लिटर घे, एकच सिग्नल वेगवेगळ्या लाइनींत देणारी पेटी. एका लाइनीत जास्तीत जास्त ३२ दिवे हे लक्षात ठेव. तुला ती मर्यादा यायला अजून अवकाश आहे.

आता प्रत्यक्ष हात. पिन १ शील्ड, पिन २ डेटा मायनस, पिन ३ डेटा प्लस. मूळ नियम पाच पिनांच्या एक्सएलआरचा आहे, पण डिस्कोच्या सामानात सर्रास तीन पिनांचं येतं. पाच पिनांचं असेल तेव्हाही पहिल्या तीन याच. कनेक्टरच्या मागच्या बाजूला, तार सोल्डर करायच्या प्रत्येक वाटीशेजारी बारीक आकडा कोरलेला असतो. तो दर वेळी उजेडात धरून वाच, कारण मेल आणि फिमेल एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात आणि ‘डावीकडची दोन नंबर’ असं पाठ केलेलं डोकं तिसऱ्या केबलला फसतं.

वायर कापल्यावर सगळ्यात आधी मागचं बूट (टोपण) आणि क्लॅम्प (केबल पकडून ठेवणारा भाग) वायरवर ओवून घे. मग वरचं आवरण दोन सेंटिमीटर सोल. ब्लेड आवरणावर नुसतं टेकवून गोल फिरव आणि वायर वाकव, आवरण आपोआप चिरतं. जोर देऊन कापलंस तर शील्डच्या चार तारा सोबत जातात. शील्ड पिळून एक दोरी कर आणि तिच्यावर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढव, कारण उघडी शील्ड आतल्या आत पिन २ ला टेकली की दिवा कधी चालतो, कधी नाही, आणि असला लपाछपीचा दोष शोधण्यासारखं दुसरं कटकटीचं काम नाही. कोरची टोकं ४ मिलिमीटर सोलून त्यांना आधी सोल्डर पाज. कनेक्टरच्या वाटीतही थोडं सोल्डर आधीच भर. मग वाटी तापव, तार नव्हे. वाटीतलं सोल्डर वितळून चमकलं की तार आत ठेव, सोल्डरिंगची गन काढ आणि हात तीन-चार सेकंद अजिबात हलवू नकोस. ६०-४० चं सोल्डर १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, थंड होताना क्षणभर त्याची चमक मावळते, ते दिसेपर्यंत श्वास रोखून धर. हात हलला की जोड दाणेदार, राखाडी होतो. दिसायला चिकटलेला, पण ओढला की निघणारा.

२५ वॅटची टोकदार गन पुरते. गन ठेवून ठेवून वाटी पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त तापवलीस तर आतलं प्लॅस्टिक मऊ होतं आणि पिन तिरकी बसते. यावर माझ्या बाकावर एक सोय आहे. लाकडाच्या ठोकळ्यावर एक फिमेल आणि एक मेल पॅनेल कनेक्टर स्क्रूने बसवलाय. ज्याला सोल्डर मारायचं तो त्यात खोचायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि पिना सरळ राहतात. अॅसिडचा फ्लक्स मात्र घरात आणू नकोस. पत्र्याच्या कामाचा तो, वर्षभरात तांबं हिरवं करून खातो. काम झालं की हात साबणाने धू, सोल्डरमध्ये शिसं असतं.

कनेक्टरच्या धातूच्या अंगाला काही जण शील्ड जोडतात. डीएमएक्सला ते करू नकोस, शील्ड पिन १ वरच थांबव. तो कनेक्टर उद्या लोखंडी ट्रसला (दिवे टांगायच्या चौकटीला) टेकणार आहे आणि तिथून नको ते अर्थिंगचे फेरे सुरू होतात. शेवटी क्लॅम्प आवळ आणि केबल जोरात ओढून बघ. ताण आवरणावर आला पाहिजे, सोल्डरवर कधीच नाही. केबल ओढली जाणार, तुडवली जाणार, भिजणार. कोणीतरी पाहुणा तिच्यात पाय अडकवून जाणार. हे गृहीत धरून ती बनवायची असते, आणि पॉवरच्या केबलला तर हीच एक गोष्ट सगळ्यात आधी.

का, ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पेठेतल्या मंडळाचं काम होतं. माझ्याकडच्या एका मुलाने घाईत मूव्हिंग हेडची वायर बदलली. वायर बारीक, टॉपचा (प्लगचा) क्लॅम्प जाड वायरचा, त्यामुळे तो पकडत नव्हता. ट्रस वर घेताना वायर अडकली आणि ताणली गेली. टॉपच्या आत तिन्ही तारा सारख्या लांबीच्या, त्यात अर्थच्या पिनेला पोचायला सगळ्यात लांबचा रस्ता. साहजिकच ताण आधी अर्थवर आला. अर्थची तार स्क्रूमधून निसटली आणि शेजारच्या फेजच्या स्क्रूला जाऊन टेकली. नीट विचार कर: ती तार दुसऱ्या टोकाला दिव्याच्या अंगाला जोडलेली होती. म्हणजे जी तार माणसाला वाचवायला घातली, तिनेच दिव्याच्या अंगात आणि तिथून ट्रसमध्ये २३० व्होल्ट सोडले. पाऊस होऊन गेला होता, मुलाच्या पायात स्लिपर. तो फेकला गेला म्हणून वाचला. त्याच्या तळहातावरचा भाजल्याचा डाग अजून आहे, आणि त्या दिवशी माझ्या पॉवर वाटणाऱ्या बॉक्सवर आरसीसीबी (करंट अर्थकडे गळू लागला की क्षणात लाइन तोडणारा स्विच) नव्हता, याला जबाबदार मी होतो.

तेव्हापासून माझ्याकडे टॉप जोडताना अर्थची तार फेज-न्यूट्रलपेक्षा सेंटिमीटरभर लांब ठेवली जाते. क्लॅम्प सुटला, वायर ओढली गेली, तर आधी फेज तुटू दे, मग न्यूट्रल, अर्थ सगळ्यात शेवटी. दिवा बंद पडेल, माणूस नाही. क्लॅम्पच्या जबड्यात वरचं आवरण आलंच पाहिजे. आतले रंगीत कोर टॉपच्या बाहेर डोकावताना दिसले की ती वायर बाद. आणि प्रत्येक डिस्ट्रिब्युशन बॉक्सला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवतो, माणसाला वाचवणारा हा दुसरा. त्याचं टेस्टचं बटण दर कामाच्या आधी दाब.

वायर कोणती? घरच्या फिटिंगची सुटी वायर नको. थ्री कोर राउंड फ्लेक्झिबल, तांब्याची, आयएसआय छापाची. आपल्या पिंपरीच्या फिनोलेक्सची घे किंवा दुसऱ्या कुठल्या नावाजलेल्या कंपनीची, पण सुट्या वजनावर मिळणारी बिननावाची घेऊ नकोस. बाजारात ‘दीड एमएम’, ‘अडीच एमएम’ म्हणतात ते चौरस मिलिमीटर. एकेका दिव्याच्या छोट्या तुकड्याला दीड, आणि बॉक्सपासून स्टेजपर्यंतच्या मुख्य वायरीला अडीच किंवा चार. याचं कारण लांबी. दीडच्या लवचीक तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण १३ ओम. ५० मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन १०० मीटर, १.३ ओम. त्यातून १० अँपिअर ओढलेस तर १३ व्होल्ट रस्त्यातच गेले आणि १३० वॅट वायर तापवण्यात खर्च झाले. आता तीच वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर ती उष्णता बाहेर पडायलाही वाव नाही. रीळ वापरायचंच तर सगळी वायर उलगडून ठेव, फक्त दोनच मीटर लागणार असली तरी.

तुझे ८ पार प्रत्येकी दीडशे वॅट धरले तर १२०० वॅट, सव्वापाच अँपिअर. ४ बीम प्रत्येकी ४०० धरले तर १६००, म्हणजे ७ अँपिअर. दोन्ही एका ६ अँपिअरच्या छोट्या टॉपवर नाही चालणार. १६ चा टॉप घे, त्यातही दोन वेगळ्या एमसीबीवर वाट. दिव्यातून दिव्याला पॉवर देत जाणाऱ्या लिंकमध्ये पहिल्या वायरीतून सगळ्यांचा करंट जातो. कॉम्प्युटरला असते तसली कॉर्ड १० अँपिअरपर्यंतच. पॉवरकॉन (फिरवून लॉक होणारा पॉवरचा कनेक्टर) असेल तर निळा आत येणारा, करडा बाहेर जाणारा, आणि साधा पॉवरकॉन दिवा चालू असताना कधी काढू-घालू नकोस, तो त्यासाठी बनवलेला नाही. चालू असताना काढायची मुभा असलेला त्याचा ट्रू-वन हा वेगळा प्रकार आहे.

स्क्रूच्या टर्मिनलमध्ये घालायच्या तारेला सोल्डर पाजू नकोस. एक्सएलआरवर नुकताच शिकलेला हात इथेही तेच करू बघतो. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू बसतं, महिन्याभराने स्क्रू ढिला, मग ठिणगी, मग वितळलेला टॉप. इथे क्रिंप केलेली, म्हणजे तारेच्या टोकावर दाबून बसवलेली धातूची थिंबल किंवा फेरूल. फेज कुठल्या पिनेला हेही पाठ असू दे: सॉकेटसमोर उभं राहून अर्थचं भोक वर धरलं तर फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. वायरमध्ये फेज तपकिरी, न्यूट्रल निळी, अर्थ हिरवी-पिवळी. जुन्या मालात लाल, काळी, हिरवी. मांडववाल्यांच्या वायरीत हिरवी फेजला जोडलेली मी स्वतः पाहिली आहे, तेव्हा दुसऱ्याच्या वायरीचा रंग कधी खरा मानू नकोस, मीटर लाव.

न्यूट्रलबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, ती बाहेरच्या कामात सगळ्यात जास्त सामान खाते. जनरेटर थ्री फेज असतो, आपले दिवे तीन फेजवर वाटलेले असतात आणि सगळ्यांची न्यूट्रल एकच. ती एक तार कुठे निसटली तर दिवे बंद पडत नाहीत. दोन फेजच्या मधल्या ४०० व्होल्टची वाटणी दिव्यांच्या लोडप्रमाणे होते, ज्या फेजवर कमी दिवे तिथे व्होल्टेज चढतं. एका विसर्जनाच्या रात्री माझे ६ मूव्हिंग हेड मिनिटभरात असे गेले. जनरेटरच्या न्यूट्रलचा बोल्ट हाताने फिरत होता. म्हणून काम सुरू करताना न्यूट्रलचा बोल्ट पान्याने आवळलेला स्वतः बघ, सामान जोडण्याआधी तिन्ही फेजचं व्होल्टेज मोज, आणि न्यूट्रलची जाडी फेजपेक्षा कमी कधीच ठेवू नकोस. एलईडीच्या आतल्या स्वस्त पॉवर सप्लायमुळे (एसएमपीएस) तीन फेज समसमान असूनही न्यूट्रलमध्ये करंटची बेरीज होत जाते, तेव्हा ‘बॅलन्स आहे, न्यूट्रल बारीक चालेल’ हा जुना हिशोब आता लागू नाही. मांडवाचं मुख्य कनेक्शन आणि जनरेटरची जोडणी तर परवाना असलेल्या ठेकेदाराचीच, तिथे तू हात घालायचा नाहीस. तू बघायचं, मोजायचं, आणि पटलं नाही तर सामान जोडायचं नाही.

आपला गणपती भाद्रपदात, म्हणजे पावसात. उघड्यावरच्या जोडाला लोक प्लॅस्टिकची पिशवी घट्ट गुंडाळतात, त्यात पाणी शिरतं आणि साठून राहतं. पिशवी वरून छत्रीसारखी टाक, खालचं तोंड उघडं ठेव. जोड जमिनीपासून उचलून बांध आणि वायरीला जोडाच्या आधी खाली झोळ दे, म्हणजे ओघळ झोळाच्या तळाशी ठिबकतो, जोडात जात नाही.

केबल झाली की तपासल्याशिवाय पेटीत टाकू नकोस. मल्टिमीटरने आधी टोकाला टोक: १ ला १, २ ला २, ३ ला ३. मग प्रत्येक दोघींमध्ये काही लागत नाही ना, ते. हे करताना केबल हलवत राहा, कनेक्टरच्या मानेपाशी वाकव. पॉवरच्या केबलला शक्य असेल तर ५०० व्होल्टचा मेगर (तारांवरच्या आवरणातून करंट गळतो का ते तपासणारा मीटर) लाव, पण दोन्ही टोकं मोकळी असताना, दिवा जोडलेला नसताना. मेगर महाग वाटला तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे महिन्यातून एकदा सगळ्या केबल्स घेऊन जा. प्रत्येक केबलला नंबर आणि लांबी लिहिलेली हीट श्रिंक चढव, कार्यक्रमात दगा देणाऱ्या केबलला लगेच गाठ मार, म्हणजे ती चुकून पुन्हा चांगल्यांत जात नाही.

आणि एक केबल कधीच बनवू नकोस, दोन्ही टोकांना मेल टॉप असलेली. ती तुझ्याकडे मागितली जाईल. लाइट गेलेली असेल, वरात दारात असेल, कोणीतरी म्हणेल की छोट्या जनरेटरमधून कार्यालयाच्या सॉकेटमध्ये उलटी लाइट देऊ, पाच मिनिटांचं काम आहे. त्या वायरीचं एक टोक लावलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट उभे असतात. वर तीच लाइट मीटरमधून मागे रस्त्यावरच्या लाइनीत जाते, जिथे महावितरणचा माणूस लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला असू शकतो. यजमान चिडला तरी चालेल, पैसे कापले तरी चालेल, तू नाही म्हण. कोणाच्या हातात तशी वायर दिसली तर ती मधोमध कापून दे.